दुसरा आणि रिव्हर्स टाकताना खरखर : आधी क्लच बघायचा, की थेट गिअरबॉक्स खोलायचा?

अडलेला_दांडा
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, हायड्रॉलिक क्लच, ऐंशी हजार किमीच्या पुढे चाललेली. वापर मुख्यतः मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून. म्हणजे दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा.

त्रास दोन. सकाळी पहिल्यांदा तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणताना 'कर्र' असा आवाज येतो. आणि सोसायटीत गाडी लावताना रिव्हर्स टाकला की हमखास खरखर. गिअर एकदा लागला की पुढे सगळं शांत. घरघर नाही, गिअर आपोआप सुटत नाही.

गॅरेजवाला म्हणतो क्लच सेट टाका आणि गिअरबॉक्सही खोलून बघू, मजुरी एकदाच लागेल. त्याला होकार देण्याआधी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या काय काय तपासता येईल?

निमूट_वाचक
वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पाना_बारा_तेरा
गॅरेजवाल्याला आठवडाभर थांबवा. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारी एकाच रोगाच्या असतीलच असं नाही.

गिअर टाकताना खरखर होते त्याची कारणं ढोबळमानाने दोनच. एक, क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही, त्यामुळे इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टला फिरवतच राहतं. दोन, क्लच सुटतो, पण सिंक्रोची पितळी रिंग दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणाऱ्या भागांना एका वेगावर आणू शकत नाही. पहिल्यात दुरुस्ती बहुतेक वेळा बाहेरून होते. दुसऱ्यात गिअरबॉक्स खोलावाच लागतो. म्हणून आधी पहिलं कारण खोडून काढायचं.

क्रमाने करा.

१) ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून टाका. चेष्टा नाही. त्या जाड 'सेव्हन-डी' मॅट क्लचच्या पॅडलखाली सरकल्या की पॅडल तळाला टेकतच नाही, आणि क्लच नेमका शेवटच्या टप्प्यात अर्धवट राहतो. सीटही एक खाच पुढे घेऊन बघा.

२) इंजिन बंद. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा दात समोरासमोर येऊन अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा, ते चालतं. पण सगळेच गिअर जड जात असतील, दांडा आपल्या जागेवर येत नसेल, तर गिअरच्या केबल, त्यांचे प्लॅस्टिकचे बुश, किंवा गिअरबॉक्सवरचा लिव्हर गंजलाय. तिथे क्लचचा दोष नाही.

३) इंजिन गरम, एसी बंद, न्यूट्रल. क्लच तळापर्यंत दाबा आणि दाबूनच ठेवा. दहापर्यंत आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबलेला असतो आणि रिव्हर्स गुपचूप लागतो. दहा सेकंदांनंतरही खरखर झाली तर क्लच सुटत नाही, हे जवळजवळ नक्की.

४) हीच चाचणी पुन्हा, पण आधी पॅडल भराभर तीन-चार वेळा मारून. आता रिव्हर्स सहज लागला तर क्लचच्या द्रवाच्या पाइपमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पॅडलमागचा, द्रव ढकलणारा) सील गेलंय. क्लच प्लेटला हातही लावू नका.

५) दुसऱ्या गिअरसाठी चालत्या गाडीत डबल क्लच. तिसऱ्यातून न्यूट्रलमध्ये आणा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटर किंचित द्या, पुन्हा क्लच, मग दुसरा. आवाज गेला तर सिंक्रो दमलाय. आवाज तसाच राहिला तर पुन्हा क्लचकडे वळा.

निकाल इथे लिहा, मग पुढचं.

सायनचा_सिग्नल
मॅटचा मुद्दा सोन्याचा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात आणि मिस्त्री मात्र 'अॅडजस्ट केला' म्हणून पैसे घेतो.

रिव्हर्स_गिअर_प्रेमी
रिव्हर्सबद्दल एक. बहुतेक साध्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. सरळ दातांचं एक मधलं चाक सरकून दोन गिअरांमध्ये शिरतं, बस. त्यामुळे गाडी पूर्ण थांबली नसेल, किंवा क्लच दाबल्या दाबल्या दांडा ओढला, तर नव्या गाडीतही आवाज येणार. मागचा हॉर्न मारतोय म्हणून घाई केली की हमखास.

उपाय फुकट आहे. गाडी थांबली, क्लच दाबला, आधी पहिला टाका आणि तिथून लगेच रिव्हर्स. पहिल्याचा सिंक्रो शाफ्टला जागच्या जागी थांबवतो, रिव्हर्स आवाज न करता बसतो.

पाना_बारा_तेरा
बरोबर, पण निदान करताना ही युक्ती वापरू नका. पहिल्याचा सिंक्रो क्लचचा दोष झाकून टाकतो आणि हळूहळू स्वतःच झिजतो.

तेलकट
कोणी तेलाचं विचारलंच नाही! अडलेल्या दांड्यांनो, गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं, कोणतं टाकलं? 'सकाळीच आवाज, गरम झाल्यावर कमी' हे ऐकलं की माझी पहिली शंका तेलावर.

थंड तेल घट्ट असतं. सिंक्रोच्या रिंगवर बारीक खाचा असतात; रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर, म्हणजे कोनवर, दाबली जाते तेव्हा मधलं तेल त्या खाचांतून बाहेर पळायला हवं, तरच पितळ पोलादाला पकडतं. घट्ट तेल लवकर पळत नाही, रिंग घसरते, दात दातावर आपटतात. त्यात खालचा गिअर टाकताना शाफ्टचा वेग वाढवायचा असतो आणि घट्ट तेल उलट तो कमी करत असतं. म्हणून थंडपणी वर जाताना विशेष काही जाणवत नाही, खाली येताना जाणवतं.

दुसरं, जीएल-५. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे, डब्यावर छापलेले असतात. रस्त्यावरचा गॅरेजवाला पिंपातलं '९० नंबर' ओततो, ते बऱ्याचदा मागच्या डिफरन्शियलसाठीचं (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांसाठीचं) जीएल-५ असतं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारणपणे जीएल-४ सांगितलेलं असतं, ७५डब्ल्यू-९० किंवा त्याहून पातळ.

घाटवळण
तेलकटराव, 'जीएल-५ पितळ खातं' हे अर्धं खरं, अर्धं ऐकीव. आजकालच्या चांगल्या जीएल-५ मधलं गंधक पूर्वीइतकं आक्रमक नसतं आणि शहरातल्या छोट्या गाडीचा गिअरबॉक्स तेवढा तापतही नाही. रिंग महिन्याभरात विरघळून जाते असं काही होत नाही.

तेलकट
विरघळते असं मी कुठे म्हटलं? मुद्दा घर्षणाचा आहे. जीएल-५ मधली जास्तीची रसायनं धातूवर निसरडा थर धरतात. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर घासत सरकतात, तिथे तो थर हवाच. सिंक्रोला मात्र घर्षणच हवंय. रिंग शाबूत आणि तरी पकडत नाही, हे तेलामुळे होऊ शकतं. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सच्या आतल्या डिफरन्शियलला हायपॉइड दात नसतात, मग जीएल-५ टाकायचं कारणच काय?

घाटवळण
हे मान्य. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये दोन्हींपैकी चालेल असं लिहितात, काही स्वतःचंच वेगळं तेल सांगतात. मॅन्युअलमध्ये जे छापलंय तेच टाकायचं, मिस्त्रीच्या पिंपात जे आहे ते नाही, एवढ्यावर तहनामा करू.

बिनधास्त_बोरिवली
तहनामा झाला, आता वडापाव मागवा.

तनुजा_दादर
सिंक्रो म्हणजे नक्की काय करतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (माझ्यासारख्यांसाठी) कोणी सोपं करून सांगेल का? आणि नेमका दुसराच का जातो?

पाना_बारा_तेरा
तनुजाताई, सुटलेली लोकल पकडणारा फलाटावर आधी गाडीच्या वेगाने धावतो आणि मग दांडी धरतो. ती धाव म्हणजे सिंक्रो. न धावता दांडी धरली की काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको.

आता आकड्यांत. समजा तिसऱ्याचं गुणोत्तर १.३ आणि दुसऱ्याचं १.९. तिसऱ्यात इंजिन २००० वर फिरतंय. त्याच वेगाला दुसरा लावायचा तर क्लच प्लेट आणि शाफ्ट २००० वरून साधारण २९०० वर जायला हवेत, तेही तुम्ही दांडा ओढता तेवढ्या वेळात. हे सगळं काम बोटभर रुंदीची रिंग करते. चौथ्यातून पाचव्यात जाताना फरक बराच कमी असतो. शिवाय शहरात दुसरा दिवसातून सगळ्यात जास्त वेळा लागतो. म्हणून तोच आधी जातो. महागड्या गाड्यांत पहिल्या-दुसऱ्याला दोन-तीन कोनांचा सिंक्रो देतात तो याचसाठी.

सायनचा_सिग्नल
न धावता दांडी धरणारे आमच्याकडे रोज दिसतात. त्यांची खरखर ऐकू येत नाही, किंकाळी ऐकू येते.

कुर्लेकर
अवांतर, पण राहवत नाही. सिंक्रो पहिल्यांदा १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आला. आणि आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला त्यानंतर कित्येक दशकं सिंक्रो नव्हता! स्टिअरिंगवरचा दांडा, आणि चालत्या टॅक्सीत पहिला लावायचा तर डबल क्लच केल्याशिवाय सुटका नाही. पेडर रोडचा चढ रांगेत चढणारे काळीपिवळीवाले ते झोपेतही करत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. त्यांच्याबरोबर मुंबईतलं डबल क्लचचं ज्ञानही बरंचसं गेलं.

बिनधास्त_बोरिवली
मग धागाकर्त्यानेही डबल क्लच शिकून घ्यावा आणि गाडी तशीच चालवावी. हाकानाका. खर्च शून्य.

घाटवळण
खर्च शून्य नाही, पुढे ढकललेला खर्च. प्रत्येक खरखरीत गिअरच्या बाजूचे टोकदार दात आणि वर सरकणाऱ्या स्लीव्हचे दात गोल होत जातात. तेवढ्यात रिंग बदलली तर रिंगवर भागतं. दात गोल झाले की रिंग, स्लीव्ह-हब आणि तो गिअर, तिन्ही बदलावे लागतात. पुढे जाऊन गिअर भार पडल्यावर सुटायला लागतो. खंडाळ्याच्या उतारावर दुसरा सुटणं ही गंमत नाही.

पाना_बारा_तेरा
+१. डबल क्लच ही चाचणी आहे, आणि घरी पोचेपर्यंतची सोय. औषध नाही.

केबलवाला
ज्यांची आल्टो, वॅगनआर वगैरे केबल क्लचची गाडी आहे त्यांच्यासाठी वेगळं लिहितो, इथे सगळे हायड्रॉलिकवरच बोलताहेत.

पॅडल हाताने हलकेच दाबा. जोर लागायला सुरुवात होण्याआधी जी मोकळी चाल असते ती साधारण दीड-दोन सेंटिमीटर असावी. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटणार नाही, खरखर होणार. गिअरबॉक्सवर केबल जिथे लिव्हरला मिळते तिथला नट फिरवून ती कमी होते. पण मोकळी चाल शून्य करू नका, नाहीतर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहील, प्लेट घसरेल आणि बेअरिंगही जाईल.

नट संपेपर्यंत फिरवूनही खरखर जात नसेल तर केबल आतून ताणली गेलीय किंवा तार तुटत चाललीय. टोकाला तारेचे केस उभे राहिलेले दिसले तर त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात केबलच्या नळीत पाणी शिरून गंजही धरतो. तेव्हा पॅडल जड होतं आणि परत वर यायला वेळ लावतं.

अडलेला_दांडा
सगळ्यांचे आभार. निकाल:

मॅट काढली, फरक नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ. दहा सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तरी खरखर, पण पॅडल तीन वेळा मारल्यावर एकदम मऊ लागला. डबल क्लच केल्यावर दुसऱ्याचा आवाज जवळजवळ गेला. तेलाबद्दल: मागच्या वेळी बाहेर टाकलं होतं, बिलावर फक्त 'गिअर ऑइल ९०' आहे.

पाना_बारा_तेरा
मग रोग दोन आहेत. रिव्हर्सची खरखर हायड्रॉलिकची, दुसऱ्याची तेलाची किंवा सिंक्रोची. हायड्रॉलिक आधी. क्लच अर्धवट सुटत असेल तर सिंक्रोला शाफ्टबरोबर इंजिनाशीही झुंजावं लागतं, त्यामुळे तो दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या गिअरबद्दल काहीच ठाम सांगता येत नाही.

बाटलीतली पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते आणि क्लचची नळी वरच्या अंगाला असते. म्हणून पातळी थोडी उतरली की आधी क्लच बिघडतो. मग पॅडलमागचा गालिचा उचलून भिंतीला हात लावा. ओलं लागलं तर मास्टर मागून गळतोय. गिअरबॉक्सवरच्या स्लेव्हचं (मास्टरकडून आलेल्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) रबरी बूट उचला, आत ओल असेल तर स्लेव्ह. दोन्ही कोरडे असूनही दोष असू शकतो. मदतनीसाला पॅडल दाबून धरायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा बघत राहा. तो जागेवर थांबला पाहिजे. अर्ध्या मिनिटात हळूहळू मागे येत असेल तर मास्टरचं सील आतल्या आत सोडतंय. सिग्नलला पहिल्यात क्लच दाबून थांबलेली गाडी थोड्या वेळाने आपसूक पुढे सरकते, तेही हेच.

काही गाड्यांत स्लेव्ह क्लचच्या घंटीच्या (क्लचवरच्या घंटीच्या आकाराच्या आवरणाच्या) आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे गळती म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलंच. तुमचा बाहेर आहे का ते बघा.

रिव्हर्स_गिअर_प्रेमी
हवा काढायची पद्धत मी टाकतो. मॅन्युअलप्रमाणे डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइडची नवी, सीलबंद बाटली. अर्धा लिटर पुरून उरतं. स्लेव्हवरच्या ब्लीड निपलवर (हवा काढायच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं द्रव असलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करायचं, बुडबुडे आले की बंद, मगच पॅडल वर. क्रम चुकला की हवा पुन्हा आत. वरची बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नका. काळं जाऊन स्वच्छ यायला लागलं आणि बुडबुडे थांबले की झालं. पॅडल तळाला राहिलं तर घाबरू नका, बोटाने वर ओढा.

हे द्रव रंग खातं. बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आणि ते हवेतलं पाणी शोषतं, आपल्या दमट हवेत तर जास्तच. दोन वर्षांनी बदललं नाही की सिलिंडर आतून गंजतो आणि नवं सीलही लवकर कापलं जातं. म्हणूनच नुसतं सील किट टाकण्यापेक्षा पूर्ण सिलिंडर बदलावा असं माझं मत.

कुर्लेकर
सिलिंडर ऑपेरा हाउसच्या पार्ट बाजारात मिळेल. सीएसटी रोडवर जुना काढलेलाही मिळतो, पण रबराचा भाग जुना कधीच घेऊ नये. जुनी गिअरबॉक्सची बॉडी, दांडा, ब्रॅकेट घ्या खुशाल.

तनुजा_दादर
पाण्यातून गाडी नेल्यावरही असं होतं का? हिंदमाताला दर पावसाळ्यात निदान एकदा तरी अडकायला होतंच.

तेलकट
होतं. गिअरबॉक्सला वर हवा जाण्याची बारीक नळी असते. गरम बॉक्स अचानक पाण्यात बुडाला की आत हवा आकसते आणि नळीतून, सीलमधून पाणी ओढलं जातं. लेव्हलचा बोल्ट उघडून बोट घाला. तेल दुधाळ दिसलं तर वाट न बघता सगळं काढा, त्याच ग्रेडचं तेल भरून थोडं चालवा, पुन्हा काढा, मग कायमचं भरा. मधलं तेल स्वस्तातलं चाललं तरी ग्रेड तीच.

पाण्यातून आलेली गाडी तशीच पंधरा दिवस उभी ठेवली तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग इंजिन चालू असताना एकही गिअर लागत नाही, नुसती खरखर. ते क्लच सेट बदलण्याचं कारण नाही, बहुतेक वेळा प्लेट सुटते.

अडलेला_दांडा
मास्टरच निघाला. दांडा मागे येत होता. मास्टर बदलून, हवा काढून घेतली. रिव्हर्स आता दहा काय, तीन सेकंदांत शांत लागतो. दुसऱ्याचा आवाज कमी झाला, पण सकाळी आहेच. आता तेल काढतो. काय बघू?

तेलकट
गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून, सपाट जागी. आणि आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, मग खालचा काढा. उलट केलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला तर गाडी रिकामी होऊन जागेवर बसते. तुमच्या वर्गातल्या गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. लेव्हल बोल्टच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की पुरे.

खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा मऊ लेप नेहमीचाच. नखाला टोचणारे पोलादी तुकडे असतील तर दात तुटलाय, गाडी चालवू नका. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे ते तेलातच शोधावं लागतं. पांढऱ्या भांड्यात तेल ओतून उन्हात हलवा. सोनेरी झाक सगळीकडे असेल तर रिंग झिजतेय.

अडलेला_दांडा
चुंबकावर फक्त लेप. तेलात सोनेरी झाक आहे, पण थोडी. मॅन्युअलप्रमाणे जीएल-४ भरलं.

घाटवळण
मग पाचशे-हजार किमी चालवून बघा. नव्या तेलात पूर्ण फरक पडायला वेळ लागतो, कारण जुन्याचा थर रिंगवर असतो. तोवर दुसरा घाईने ओढू नका. न्यूट्रलपाशी क्षणभर थांबून बोटांच्या जोरावर आत सोडा. आणि हात दांड्यावर ठेवून चालवायची सवय असेल तर सोडा, तो भार सरळ आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जातो.

आवाज राहिलाच तर गिअरबॉक्स खोलताना मिस्त्रीसमोर उभे राहा. रिंग गिअरच्या कोनवर हाताने दाबून बसवायची आणि रिंगचे दात व गिअरचे दात यांतली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजायची. नव्याला साधारण एक मिमीच्या आसपास असते. अर्ध्याच्या खाली गेली की रिंग बाद. मॅन्युअलमधला आकडा शेवटचा.

केबलवाला
खोललाच तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि सगळी तेलाची सील त्याच वेळी टाका. क्लच प्लेटची जाडी मात्र मोजून बघा, बरी असेल तर उगाच सेट बदलू नका. आणि बॉक्स परत चढवताना त्याचा भार प्लेटवर लटकू देऊ नका. प्लेट तिथेच वाकते, आणि नव्या क्लचनंतर खरखर सुरू झाल्याच्या तक्रारी बऱ्याचदा त्यातूनच येतात. दुसरं कारण, प्लेट उलटी बसवलेली.

बिनधास्त_बोरिवली
म्हणजे गॅरेजवाल्याचा क्लच सेट वाचला, गिअरबॉक्स तूर्तास वाचला, आणि गेला फक्त मास्टर. आता तरी वडापाव.

पाना_बारा_तेरा
वडापावाआधी एक. अडलेला_दांडा, खालच्या बोल्टचा वॉशर नवा टाकलात ना?

अडलेला_दांडा
जुनाच लावलाय. थेंब नाही अजून.

पाना_बारा_तेरा
उद्या सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून बघा. डाग दिसला तर बोल्ट आवळत बसू नका, अॅल्युमिनियमचे आटे निघतात. नवा वॉशर, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने.